काळी चारमध्ये लावलेली बास गिटार

नांदुऱ्यातल्या चाचांच्या वाद्यांच्या दुकानाचा एक नियम आहे. वाद्य गिऱ्हाइकाच्या पट्टीत लागल्याशिवाय उंबऱ्याबाहेर जात नाही. पट्टी म्हणजे गाणारा ज्या सुरावर उभा राहून गातो तो सूर. आमच्याकडे ती पेटीवरच्या पट्ट्यांवरून सांगतात. कोणाची काळी एक, कोणाची पांढरी चार. तुम्ही एकतारी घ्या नाहीतर ढोलकी, चाचा आधी पेटीचा भाता हलवतात आणि विचारतात, "कोणाच्या पट्टीत?" "नुसतीच द्या, घरी लावून घेऊ" असं म्हणणाऱ्याला ते वाद्य देत नाहीत. चहा पाजतात आणि परत पाठवतात.

माझ्या आत्याची पट्टी काळी चार. आमच्या वस्तीत ही गोष्ट आत्याच्या नावाइतकीच सगळ्यांना ठाऊक. आत्या आमच्याच गावात दिलेली, आणि गावातल्या गायन पार्टीची ती मुख्य गायिका. पार्टीत पेटी, ढोलकी, खंजिरी आणि तुणतुणं. दरवर्षी जयंतीला संध्याकाळी विहारासमोर मांडव पडे आणि आत्या उभी राही. मी लहान असताना मला वाटे, जयंती आत्याच्या आवाजाने सुरू होते. तारीख वगैरे नंतर.

आमच्या घरात देव्हारा नव्हता. ज्या कोनाड्यात तो असायचा, तिथे पत्रकांचा गठ्ठा असे. वडील सायकलवरून गावोगाव पत्रकं वाटत. मी वाचायला शिकले तीही त्यांवरच. त्यामुळे शाळेत गायीवर निबंध लिहायला सांगितला तेव्हा मी सुरुवात "बंधू-भगिनींनो" अशी केली आणि शेवटी "तरी बहुसंख्येने उपस्थित राहावे" असं लिहिलं. बाई हसल्या. मला अजूनही वाटतं की तो निबंध वाईट नव्हता. गायीबद्दल इतक्या कळकळीने वर्गात दुसऱ्या कोणीच लिहिलं नव्हतं.

चाचांचं दुकान मी पहिल्यांदा पाहिलं ते वडिलांच्या सायकलवरून जाऊनच. स्टेशनकडून बाजारात येताना उजव्या हाताला. वडील पत्रकांचा एक गठ्ठा तिथे ठेवत, कारण जिल्ह्यातले सगळे गाणारे-बजावणारे तिथे येत. लग्नसराईच्या आधी घाटावरची बँड पथकं उतरायची. लोणार, दुसरबीडहून एसटीने आलेली माणसं मांडीवर क्लॅरिनेट घेऊन बाकड्यावर बसलेली असायची, आणि चाचा एकेकाचं वाद्य तपासून देत. भिंतीला पितळेचे कर्णे टांगलेले, खाली तबल्यांच्या जोड्या. दुकानात कातड्याचा, लाखेचा आणि चहाचा मिळून एक वास होता.

मग इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आले. चाचांनी तेही ठेवले आणि तेही विकले. मग डीजे आला. डीजेवाल्याला चाचांकडून काहीच लागत नव्हतं. बँडवाले एकेक करून यायचे थांबले. कर्णे भिंतीवर वर वर सरकत गेले, कारण खालची जागा मोबाइलच्या कव्हरांना लागू लागली. मी कॉलेजला अमरावतीला गेले आणि सुट्टीत आले की दर वेळी एक कपाट बदललेलं दिसे. तबल्यांच्या जागी स्क्रीनच्या काचा आल्या, बासऱ्यांच्या जागी इअरफोन. शेवटी पेटी तेवढी गल्ल्याशेजारी राहिली. कव्हर घ्यायला आलेल्या पोराकडेही चाचा सवयीने भात्यावर हात ठेवून बघत. फक्त विचारत काही नसत.

डीजेबद्दल माझी मतं पहिल्यापासून कडक आहेत आणि ती मी पत्रकात छापलेली आहेत. जो आवाज ऐकणाऱ्याला बोलूच देत नाही, तो आवाज मला हुकूमशहाचा वाटतो. गाण्यातला शब्द कळला पाहिजे. आपली माणसं शब्दांवर उभी राहिली, धडधडीवर नाही. असं बरंच काही. पत्रक चांगलं झालं होतं. वस्तीतल्या पोरांनी ते वाचलं आणि विहारात बैठक बोलावली.

बैठकीत माझा चुलतभाऊ पोरांच्या वतीने बोलला. तो चांगला मुलगा आहे, हे मला तेव्हाही मान्य होतं. त्याने सरळ सांगितलं की आत्याबद्दल आदर आहे, पण पार्टी ऐकायला पोरं थांबत नाहीत. मागच्या जयंतीला निम्मी पोरं शेजारच्या गावच्या डीजेकडे पळाली. यंदा आपणच मलकापूरहून डीजे आणू.

"काऊन पळतात ते तर सांग," मी म्हणाले.

"छातीत वाजते ना तिथं," तो म्हणाला. "आपल्या पार्टीचं कानातच राह्यते."

माझ्याकडे यावर दहा उत्तरं होती. पण मागे भिंतीला टेकून बसलेली आत्या निघायला म्हणून पदर सावरू लागली होती. तिने तसं उठून जाणं मला चालणार नव्हतं. अमरावतीला एका मेळाव्यात मी एक पथक पाहिलं होतं. त्यात एका मुलीच्या गळ्यात लांब मानेची, जाड चार तारांची गिटार होती. ती एक तार छेडायची आणि माझ्या बरगड्यांत काहीतरी सरकायचं. आणि तरी गाण्याचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. तिला बास गिटार म्हणतात, एवढंच मला माहीत होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, छातीत वाजलं म्हणजे झालं ना? मग पार्टीच वाजवून दाखवील. आम्ही बास गिटार आणतो.

पोरांनी अट मान्य केली. जयंतीच्या आदल्या दिवशी विहारासमोर वाजवून दाखवायचं. छातीत वाजलं तर मांडव पार्टीचा, नाहीतर डीजेवाल्याला फोन.

घरी जाताना आत्या म्हणाली, "यंदा नाही गायली न मी, तं पुढच्या साली कोणी इचारणारच नाही. लोकाइले आठवण राह्यत नाही वो." मग थोडं चालून, "ते गिटार वाजवन कोण?"

हा प्रश्न मला बैठकीत सुचला नव्हता.

वाजवणारे ठरले ते काका. काका आमचे शेजारी, पेशाने गवंडी, आणि पार्टीत गेली कित्येक वर्षं तुणतुणं वाजवत आलेले. तुणतुण्याला एकच तार. ती आत्याच्या सुरात लावायची आणि गाणं संपेपर्यंत छेडत राहायची. काकांना दुसरं वाद्य येत नव्हतं, आणि शिकायला वेळही नव्हता. मी त्यांना सांगितलं की या गिटारीला चार तारा असतात. त्यांनी विटेवरचा हात न थांबवता विचारलं, "बाकीच्या तीन कायले?"

दुसऱ्या दिवशी मी चाचांकडे गेले. दुकानाच्या दारावर माझंच दुसरं एक पत्रक चिकटवलेलं होतं: आपलं गिऱ्हाईक, आपला बाजार. ऑनलाइन खरेदीने गावची दुकानं कशी बुडतात यावर ते होतं, आणि ते लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर चाचाच होते. त्यामुळे बास गिटार इथूनच घ्यायची, यात मला काही ठरवायचं नव्हतंच.

"बास?" चाचा म्हणाले. "ते तर डीजेतून येते."

मी समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कबूल केलं की उभ्या आयुष्यात त्यांनी एकही बास विकलेली नाही. पण त्यांचा चेहरा मात्र असा उजळला होता की मला वाटलं, बऱ्याच दिवसांनी कोणीतरी या दुकानात वाद्य मागितलं. त्यांनी लगेच इंदूरच्या व्यापाऱ्याला फोन लावला. व्यापारी म्हणाला, बघतो.

तो बघतच राहिला. मी दर दोन-तीन दिवसांनी बसने नांदुऱ्याला जायची. कधी तिकडे माल नसे, कधी सहा तारांची घ्या म्हणत, कधी फोनच उचलत नसत. चाचा दर वेळी चहा मागवत आणि "येते, येते" म्हणत. जयंती जवळ येत होती. चुलतभाऊ मोबाइल घेऊन घरी आला आणि त्याने मला पडद्यावर रांगेने बास गिटारी दाखवल्या. काळ्या, लाल, लाकडी. तीन दिवसांत दारात. मी पत्रकाची आठवण करून दिली. त्याने आत्याकडे पाहिलं.

आत्या आमच्या ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "तुह्या पत्रकाले तार नाही लागत, माय. आमाले लागते."

हे मला लागलं. तरीही मी ऑनलाइन मागवली नाही. तत्त्व म्हणजे गैरसोयीच्या दिवशीही पाळायची गोष्ट, असं मी वडिलांच्या पत्रकांत वाचलेलं होतं, आणि वडील ते पाळतानाही पाहिलं होतं. पण त्या रात्री जेवण नीट गेलं नाही, हेही खरं आहे.

दोन दिवसांनी चाचांचा फोन आला. आली.

मी, आत्या आणि काका पहिल्या बसने गेलो. चाचांनी दुकान झाडून ठेवलं होतं. कव्हरांचा एक डबा बाजूला करून बाकड्यावर आमच्यासाठी सतरंजी घातली होती, आणि मध्ये हिरव्या चादरीखाली एक लांब खोकं. चाचांनी चादर काढली. खोक्याला त्याच ऑनलाइन कंपनीचा टेप गुंडाळलेला होता, जिच्याविरुद्धचं माझं पत्रक त्याच दारावर होतं.

मी बराच वेळ बोलले. नेमकं काय ते आता आठवत नाही, पण त्यात "विश्वास" हा शब्द पुष्कळदा आला. चाचा कात्रीने टेप कापत ऐकत होते. इंदूरवाल्याने हात वर केले म्हटल्यावर त्यांनी आपल्या नातवाला मोबाइलवरून मागवायला सांगितली होती. माझं संपल्यावर ते म्हणाले,

"तुले दुकानातूनच पाहिजे होती ना?"

"हो."

"मग दुकानातूनच घेऊन राह्यली ना तू. मी कुठून आणली ते माह्यं मी पाहून घेईन."

काका खो-खो हसले. आत्याही हसली. मला हसू आलं नाही, म्हणजे निदान तेव्हा तरी नाही. आज विचार करते तेव्हा वाटतं, पत्रकात एक गोष्ट लिहायची राहून गेली होती. दुकानाला गिऱ्हाईक हवं असतं, तशी दुकानदाराला कोणाचं तरी काम अडू न देण्याची हौसही असते, आणि ती हौस कुठल्याही मार्गाने जाते.

खोक्यात गिटारीबरोबर एक पुस्तिका होती. ती इंग्रजीत होती, आणि आमच्यात इंग्रजी वाचणारी मी, म्हणून मी ती हातात घेतली. चार तारा कोणत्या चार सुरांत लावायच्या ते त्यात काढून दाखवलं होतं. मी चाचांना पेटीवरच्या पट्ट्या सांगितल्या: जाड तार पांढरी तीन, मग पांढरी सहा, मग पांढरी दोन, मग पांढरी पाच.

चाचांनी पेटीवर चारही वाजवून पाहिल्या. "हे कोणाची पट्टी आहे?"

"सगळ्यांची. जगात सगळीकडे अशीच लावतात."

"सगळ्याइची म्हणजे कोणाचीच नाही," चाचा म्हणाले. त्यांनी पुस्तिका इअरफोनच्या डब्यावर ठेवली आणि आत्याकडे वळले. त्यांना विचारायची गरज नव्हती, पण नियम तो नियम. "कोणाच्या पट्टीत?"

"काळी चार," आत्या म्हणाली.

मी सांगत राहिले की असं करत नाहीत, ही गिटार आहे, हिच्या तारांवर बोटं दाबून सूर काढायचे असतात. चाचांचं म्हणणं असं की चार तारा आणि भोपळा नाही, म्हणजे हा बिनभोपळ्याचा तंबोरा. तंबोरा कसा लावतात हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. त्यांनी भाता हलवला, काळी चार दाबून धरली, आणि एकेक खुंटी पिळायला लागले. जाड तार पंचमात. दुसरी षड्जात, म्हणजे आत्याच्या सुरात. तिसरी पुन्हा पंचमात, वरच्या. चौथी पुन्हा षड्जात. प, सा, प, सा. गंमत म्हणजे कुठलीही तार फार ओढावी लागली नाही की फार सैल करावी लागली नाही. दोन अर्धा सूर खाली, दोन अर्धा सूर वर.

जुन्या कीबोर्डचा एक स्पीकर चाचांनी माळ्यावरून काढला आणि वायर जोडली. काकांच्या हातात गिटार दिली. काकांनी ती तुणतुण्यासारखी काखेत घ्यायचा प्रयत्न केला, ते जमेना, मग मांडीवर घेतली. अंगठ्याने दुसरी तार छेडली.

समोरच्या कपाटातली मोबाइलची कव्हरं एकदम खडखडली. काकांनी हात मागे घेतला, जसं काही त्यांनी कोणाचं सामान पाडलं होतं. मग पुन्हा छेडली. आत्याने डोळे मिटले आणि बसल्याबसल्या सुरुवात केली. काका तेच करत होते जे आयुष्यभर करत आले होते: तिच्या सुराखाली तार धरून ठेवणं. फरक इतकाच की आता तारा चार होत्या, आणि कुठलीही छेडली तरी चुकत नव्हती. बोट दाबायची वेळच येत नव्हती. शिकण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"बाकीच्या तीन याच्यासाठी होत्या काय," काका म्हणाले.

परतीच्या बसमध्ये गिटार काका आणि आत्याच्या मध्ये तिसऱ्या प्रवाशासारखी उभी होती. कंडक्टरने विचारलं, हे काय आहे? आत्याने सांगितलं, तंबोरा. मी दुरुस्ती केली नाही.

जयंतीच्या आदल्या दिवशी, उन्हं कलल्यावर, विहारासमोर पोरं हाताची घडी घालून उभी राहिली. मांडवाच्या कंत्राटदाराचे दोन मोठे स्पीकर लावले होते. चुलतभाऊ मुद्दाम स्पीकरच्या अगदी समोर जाऊन उभा राहिला, छाती पुढे काढून, परीक्षा घ्यायला. आत्याने पदर खोचला. ढोलकी सुरू झाली, पेटीने सूर दिला आणि काकांनी पहिली तार सोडली.

त्याआधी आमच्या गावात हा आवाज झालेला नव्हता. डीजेचा दणका ठोसा मारून जातो. हा आवाज पायाखालून आला आणि तिथेच राहिला. पाण्याच्या टाकीवरचं झाकण बारीक थरथरायला लागलं. त्यावरून आत्याचा आवाज गेला, स्वच्छ, शब्द न् शब्द सुटा. काका ढोलकीच्या ठेक्यावर अंगठा टाकत होते, विटेवर माल टाकावा तसा, एकसारखा.

मी चुलतभावाकडे पाहत होते. त्याने आधी एक हात छातीवर ठेवला. मग बाजूच्या पोराला ओढून स्वतःच्या जागी उभं केलं.

"वाजून राह्यलं का बे?"

"हाव ना बे," तो पोरगा म्हणाला. "इथं पाह्य, इथं. बरगडीत."

मग प्रत्येकाला त्या जागी उभं राहून बघायचं होतं. पोरांची रांग लागली. आत्याने एक गाणं संपवलं, दुसरं धरलं, तिसरं धरलं. रांग संपेपर्यंत ती थांबली नाही. डीजेवाल्याला फोन झाला नाही. गाणं थांबल्यावर चुलतभाऊ आत्याकडे गेला आणि म्हणाला, उद्या स्पीकर आम्ही लावतो, तू फक्त किती वाजता उभी राहशील ते सांग. आत्या म्हणाली, "मांडव पडला की." एवढंच. पण घरी येताना ती रस्ताभर गुणगुणत होती.

जयंतीला चाचाही आले. पुढच्या सतरंजीवर बसले आणि गाणं चालू असताना आजूबाजूच्या लोकांना सांगत राहिले की ही बास आमच्या दुकानची आहे.

पुढचं मला अपेक्षित नव्हतं. जयंतीला पाहुणे म्हणून आलेल्या दुसऱ्या गावांच्या पार्ट्यांनी चौकशी केली. मोताळ्याकडची एक भजनी मंडळी आली, मग एक कव्वालीवाले आले. सगळ्यांना "ती चार तारांची" हवी होती. चाचांनी इंदूरच्या व्यापाऱ्याला बाजूला ठेवलं आणि दुसरा शोधला. आज त्यांच्या दुकानात मोबाइलची कव्हरं अजून आहेत, रोजचं दुकान त्यांच्यावरच चालतं. पण ती एक फळी खाली आली आहेत आणि वरच्या फळीच्या जागी बास गिटारी टांगलेल्या असतात. प्रत्येक गिटार चाचांनी गिऱ्हाइकाच्या पट्टीत लावूनच दिलेली. माझं पत्रक दारावर नाही आता. त्याच्या पाठकोऱ्या प्रतींत ते सुट्या तारा गुंडाळून देतात. मी तक्रार केली तर म्हणाले, दारावर कोणी वाचत नव्हतं, तार सोडवताना सगळे वाचतात.

यंदा जयंतीच्या आधी आत्याने मला बरोबर चल म्हटलं आणि गिटार घेऊन आम्ही दोघी दुकानात गेलो. तिथे बुलढाण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा एक मुलगा चाचांशी हुज्जत घालत होता. त्याच्या मित्राने त्याच्यासाठी इथून बास नेली होती, आणि ती पूर्ण चुकीची लावलेली होती. चारही तारा चूक. असं कोणी करतं का?

"मित्रानं काळी एक सांगतली होती," चाचा शांतपणे म्हणाले. "तुही कोणती आहे?"

मुलाला आपली पट्टी माहीत नव्हती. तो म्हणाला, मी गात नाही.

"गाय ना, बापा," आत्या बाकड्यावरून म्हणाली. "आम्ही काय परके आहो काय?"

तो लाजला, मग कुठल्याशा गाण्याची एक ओळ पुटपुटला. चाचांनी भाता हलवून त्याचा सूर पकडला: पांढरी दोन. मुलाने तो आकडा दोनदा स्वतःशी म्हणून पाहिला. मग त्याने चाचांकडून गिटार पुस्तिकेप्रमाणेच लावून घेतली. चाचांनी लावूनही दिली, कारण पट्टी कळली होती, आणि नियमाप्रमाणे पट्टीत लागून ती गिटार एकदा उंबऱ्याबाहेर गेलेलीच होती.

तो गेल्यावर आत्याने आमची गिटार पुढे केली. थोडा वेळ ती तारांवरून नुसतं बोट फिरवत राहिली.

"काळी चार आता वर गेल्यासारखी वाटते, भाऊ," ती म्हणाली. "गळा ओढावा लागते."

चाचांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पेटीवर त्यांचं बोट काळी चारवरून शेजारच्या पट्टीवर उतरलं, फक्त अर्धा सूर. पांढरी पाच. "गाऊन पाह्य."

ती गायली. गळा मोकळा सुटला. चाचांनी खुंट्या फिरवल्या, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की शेवटच्या दोन बारीक तारा आता पुस्तिकेत लिहिल्या होत्या नेमक्या तिथे आल्या आहेत. मी ते मोठ्याने सांगितलं. जगात सगळीकडे लावतात तशी, निम्मी तरी.

"मग जगाची पट्टी आत्याले जमून राह्यली," चाचा म्हणाले आणि चहा मागवला.

जयंतीला काका गिटार मांडीवर घेऊन बसले. पट्टी बदलली आहे हे त्यांना आम्ही सांगितलंच नव्हतं, आणि सांगायची गरजही पडली नाही. पहिली तार सोडल्यावर त्यांनी आत्याकडे बघून मान डोलावली. पोरं स्पीकरसमोर आधीच येऊन उभी होती.